संगीत-साधनांचा ठावठिकाणा : ‘संन्यस्त खड्ग’च्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. नाटकाची संहिता बहुधा हाती लागते. परंतु त्यातील पदांच्या चाली कोणी बांधल्या, त्या कोणत्या रागात व तालात होत्या, रंगमंचावर त्या कशा गायल्या गेल्या याचा पुरावा सहजासहजी मिळत नाही. अशा वेळी ‘साधने उपलब्ध नाहीत’ हे वाक्य लिहून विषय आटोपता घेण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः साधन नसणे आणि साधनाचा पत्ता नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली हानी भरून येत नाही. दुसरी मात्र ग्रंथालयाच्या तालिकेतून आणि अभ्यासकाच्या चिकाटीतून दूर होऊ शकते. संगीताचे साहित्य ग्रंथालयात कोठे आणि का विखुरले गेले, त्या विखुरण्यामागे कोणती ऐतिहासिक कारणे आहेत आणि ते शोधण्याच्या वाटा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते रत्नागिरीशी निगडित असलेल्या ‘संगीत संन्यस्त खड्ग’ या नाटकाचे.

एक नाटक, तीन साधने

स्वातंत्र्यवीर सावरकरांची १९२४ साली कारागृहातून सशर्त सुटका झाली आणि १९३७ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध राहिले. या काळात समाजसुधारणेच्या कार्याबरोबरच त्यांनी ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही तीन नाटके लिहिली. यांपैकी ‘संन्यस्त खड्ग’ बळवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. ही मंडळी १९१८ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी स्थापन केली होती. नाटकातील पदांना संगीत दिले ते सावंतवाडी परिसरात जन्मलेल्या गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांनी. लेखक स्थानबद्धतेत, गायक मूळचे गोमंतकातील मंगेशीचे, संगीतकार दक्षिण कोकणचे. अशा रीतीने एकाच किनारपट्टीवरील तीन धारा या नाटकात एकत्र आल्या.

या नाटकाच्या संगीताचा मागोवा घ्यायचा तर तीन प्रकारची साधने शोधावी लागतात. पहिले साधन म्हणजे मुद्रित संहिता व प्रयोगाच्या वेळी विकली जाणारी पदांची पुस्तिका, म्हणजेच पद्यावली. दुसरे म्हणजे स्वरलिपी. तिसरे म्हणजे ध्वनिमुद्रिका. ही तिन्ही साधने एकाच कलाकृतीची असली तरी ग्रंथालयात ती क्वचितच शेजारी आढळतात. त्याचे कारण ग्रंथपालांच्या दुर्लक्षात नसून वर्गीकरणाच्या तर्कात आहे. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असून नाटक ८९१.४६२ खाली जाते. संगीत मात्र ७८० मध्ये येते. डॉ. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीतही साहित्य व संगीत हे दोन स्वतंत्र मुख्य वर्गांत मोडतात. परिणामी ‘संन्यस्त खड्ग’ची संहिता साहित्याच्या कपाटात, तिच्या संगीतकाराचा ग्रंथ कलेच्या कपाटात आणि ध्वनिमुद्रिका बहुधा ग्रंथालयाच्या बाहेरच, अशी स्थिती निर्माण होते. त्यातच ड्युई पद्धतीच्या १९८९ मधील विसाव्या आवृत्तीत ७८० हा संपूर्ण वर्ग नव्याने रचण्यात आला. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरणाऱ्या ग्रंथालयात आणि नवी आवृत्ती स्वीकारणाऱ्या ग्रंथालयात एकाच संगीत-ग्रंथाला वेगवेगळे वर्गांक मिळालेले दिसू शकतात. एका ग्रंथालयातील वर्गांक टिपून दुसऱ्या ग्रंथालयातील कपाट गाठणे संगीताच्या बाबतीत म्हणूनच भरवशाचे नाही.

सूचीकार भातखंडे

संगीताचे विखुरलेले साहित्य शोधून त्याला क्रम लावण्याचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा प्रयत्न एका मराठी माणसाने केला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे व्यवसायाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी संगीताचे अध्ययन केले. १९०४ साली त्यांनी दक्षिण भारताचा दौरा केला. मैफली ऐकणे एवढाच या दौऱ्याचा हेतू नव्हता. विद्वानांना भेटणे आणि जुन्या ग्रंथांचा शोध घेणे हा त्यातील प्रमुख भाग होता. एट्टयपुरम् येथे त्यांची सुब्बराम दीक्षितरांशी भेट झाली. त्याच वर्षी दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ या सतराव्या शतकातील ग्रंथाची प्रत भातखंड्यांना या भेटीतून लाभली. बहात्तर मेलांची मांडणी करणारा हा ग्रंथ एखाद्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयातून नव्हे, तर एका घराण्याने जपलेल्या ठेव्यातून बाहेर आला, हे संगीत-साधनांच्या स्वरूपाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय हे याच शोधाचे दुसरे टोक. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी ते समृद्ध केले. याच घराण्यातील तुळजाजीराजे (कारकीर्द १७२८-१७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी राजाचा संस्कृत संगीत-ग्रंथ तमिळ प्रदेशातील ग्रंथालयात असणे, हे साधनांचा प्रवास भाषेच्या व प्रांताच्या सीमा पाळत नसल्याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्रातील संगीताची साधने केवळ महाराष्ट्रातच शोधणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावयास हवे.

भातखंड्यांनी पुढे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा संवादरूप ग्रंथ मराठीत चार भागांत लिहिला आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह संग्रहित केल्या. त्यांच्या दहा थाटांच्या रचनेकडे संगीतशास्त्रातील सिद्धांत म्हणून पाहिले जाते आणि त्यावर पुष्कळ टीकाही झाली आहे. परंतु ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास ही दहा थाटांची रचना म्हणजे दहा कप्प्यांचे कपाट आहे. कोणताही राग कोठे ठेवावा आणि कोठे शोधावा याचा तो आराखडा होय. प्रत्येक कप्प्यात काही राग अवघडून बसतात ही तक्रार खरी आहे; पण ती प्रत्येक वर्गीकरणाच्या वाट्याला येतेच.

मात्र भातखंड्यांचे ग्रंथ शोधतानाही तालिका अनेकदा दगा देते. १९१० साली प्रसिद्ध झालेला ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला, तर ‘अभिनवरागमंजरी’साठी ‘विष्णुशर्मा’ हे नाव घेतले. टोपणनावावरून मूळ नावाकडे नेणारे निर्देशपत्र तालिकेत नसेल, तर एकाच लेखकाचे ग्रंथ तीन ठिकाणी विभागले जातात. शिवाय मूळ मराठी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आणि हाथरसच्या संगीत कार्यालयाने प्रसिद्ध केलेली तिची हिंदी आवृत्ती यांतील पृष्ठांकांचा मेळ बसेलच असे नाही. त्यामुळे केवळ पृष्ठांक देऊन केलेला बंदिशीचा निर्देश अपुरा ठरतो. बंदिशीचे आरंभीचे शब्द, राग, ताल, भाग आणि आवृत्ती या पाच गोष्टी दिल्याखेरीज तो निर्देश वाचकाला इष्ट स्थळी पोहोचवीत नाही.

स्वरलिपी : एकच चिन्ह, दोन अर्थ

साधन सापडल्यानंतरही ते वाचता येणे हा प्रश्न शिल्लक राहतो. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि शिक्षणासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. भातखंड्यांची पद्धती तिच्याहून वेगळी आहे. भातखंडे पद्धतीत स्वरावरील टिंब तार सप्तक दर्शविते. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे चिन्ह ठरते आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ दिली जाते. भातखंडे पद्धतीत उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम होतो. समेसाठी भातखंडे फुलीचे चिन्ह वापरतात, तर पलुस्कर पद्धतीत सम १ या अंकाने आणि खाली अधिक चिन्हाने दाखविली जाते. छपाई अस्पष्ट असेल तर फुली आणि अधिक यांत फरक करणेही कठीण होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, मुखपृष्ठ व प्रस्तावना गळालेल्या जुन्या पुस्तकातील स्वरलिपी चुकीच्या पद्धतीने वाचली, तर चाल एका सप्तकातून दुसऱ्या सप्तकात जाते आणि सम खालीच्या जागी पडते. संशोधक ज्याला ‘जुन्या चालीचे वैचित्र्य’ समजतो, ते केवळ वाचनातील अज्ञान असू शकते. म्हणून संगीत-ग्रंथाच्या तालिकापत्रावर स्वरलिपीची पद्धती नोंदविणे अत्यावश्यक आहे. पुस्तकाचा आकार आणि पृष्ठसंख्या नोंदविणाऱ्या तालिकेत या एका शब्दासाठी जागा नसावी, हे आश्चर्यकारक आहे.

ध्वनिमुद्रिका आणि तिची ओळख

भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले. प्रारंभीच्या काळात मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला पाठविली जात. गाणे संपताच गौहरजानसारखे कलावंत स्वतःचे नाव उच्चारत, त्यामागे तेथील तंत्रज्ञांना तबकडीची ओळख पटावी हा उपयोग होता. म्हणजे तालिकापत्र तबकडीच्या आतच कोरलेले होते! १९०८ साली कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाल्यावर ही गरज उरली नाही. त्यानंतर तबकडीची ओळख दोन क्रमांकांवर अवलंबून राहिली. कागदी लेबलवरील क्रमांक हा विक्रीचा क्रमांक. तर लेबलभोवतीच्या मोकळ्या जागेत उमटविलेला मातृका-क्रमांक हा प्रत्यक्ष मुद्रणाचा क्रमांक होय. तेच मुद्रण पुन्हा बाजारात आले की पहिला क्रमांक बदलू शकतो. दुसरा मात्र मूळ मुद्रणाशी बांधलेला असतो. संग्राहकांनी व मायकेल किनियर यांच्यासारख्या सूचीकारांनी या क्रमांकांच्या आधारे मुद्रणांचा कालक्रम लावला. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने हे ज्ञान अभ्यासकांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी जे करावयास हवे होते, ते पुष्कळ अंशी हौशी संग्राहकांनी केले असे म्हणावे लागते.

ध्वनिमुद्रिकेचा पुरावा मोलाचा असला तरी तो अपुरा आहे, हेही विसरता येत नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारे पद आणि तबकडीवरील पद यांत म्हणूनच मोठे अंतर होते. दीनानाथांची आक्रमक, चपळ तानबाजी तबकडीवर ऐकू येते. पण ते पद प्रयोगात किती काळ चालत असे, हे तबकडी सांगू शकत नाही. संहिता शब्द देते, स्वरलिपी सांगाडा देते, तबकडी आवाज देते. तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय प्रयोगाचा अंदाज बांधता येत नाही.

तालिकेतील अडथळे

‘संन्यस्त खड्ग’चा शोध घेताना तालिकेत नेमके कोणते अडथळे येतात, ते आता पाहता येईल. पहिला अडथळा शीर्षकाचा. मराठी संगीत नाटकांच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द छापण्याची रूढी १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’च्या काळापासून चालत आली आहे. काही ग्रंथालयांत अशी सर्व नाटके ‘संगीत’ या शब्दाखाली लावली जातात, काही ठिकाणी तो शब्द वगळून. दोन्ही ठिकाणी पाहिल्याखेरीज नाटक नाही असा निष्कर्ष काढू नये. दुसरा अडथळा शुद्धलेखनाचा. ‘संन्यस्त’ हा शब्द पुष्कळदा अनुस्वाराविना लिहिला जातो, ‘उःशाप’मधील विसर्ग गळतो, ‘दीनानाथ’ ऱ्हस्व होतो. कार्डांच्या पेटीत बोटे चालविणाऱ्या वाचकाच्या नजरेस शेजारचे कार्ड पडत असे. संगणकीय तालिका मात्र विचारले तेवढेच उत्तर देते. त्यातच १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीची पुस्तके जुन्या लेखनानुसार नोंदलेली असतात. तिसरा अडथळा व्यक्तिनामांचा. वझेबुवांची नोंद ‘वझे’, ‘रामकृष्णबुवा’ किंवा ‘वझेबुवा’ अशी कोठेही असू शकते. त्यांनी बंदिशींचा ‘संगीत कला प्रकाश’ हा ग्रंथ लिहिला; पण नाटकाच्या तालिकापत्रावर संगीतकाराचे नाव अतिरिक्त नोंद म्हणून दिलेले नसेल, तर नाटकाकडून त्या ग्रंथाकडे जाण्याची वाटच राहत नाही.

याउलट, संगीत नाटकांच्या छापील संहितांमध्येच शोधाची एक उत्तम किल्ली दडलेली आहे. पदाच्या शिरोभागी राग व ताल दिलेला असतो आणि अनेकदा ‘चाल’ या शब्दापुढे आधीच्या एखाद्या परिचित गीताचे आरंभीचे शब्द असतात. ज्या काळात वाचकाला स्वरलिपी येत नव्हती, त्या काळात एका गाण्याचा पत्ता दुसऱ्या गाण्याने दिला जाई. कीर्तनातील साकी-दिंडी, कानडी पदे, उत्तरेकडील ठुमरी यांच्या चाली मराठी रंगभूमीवर कशा आल्या, याचा आलेख या एका ओळीच्या आधारे काढता येतो. पण नंतरच्या आवृत्त्यांत ही ओळ अनावश्यक समजून गाळली गेली, तर तो दुवा कायमचा तुटतो. म्हणूनच संगीताच्या अभ्यासकाला पहिली आवृत्ती हवी असते, ती केवळ दुर्मिळतेच्या हौसेपोटी नव्हे.

मुद्रित मराठी पुस्तकांच्या शोधासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आजही आधारभूत आहे. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या कालखंडाचा असल्याने संगीत नाटकाचा बहराचा सर्व काळ त्यात येतो. पुस्तक अस्तित्वात होते एवढे सूचीवरून कळते. ते आज कोठे आहे हे कळण्यासाठी मात्र ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांकडेच वळावे लागते.

रत्नागिरीचा संदर्भ

रत्नागिरी नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची. महाराष्ट्रातील आद्य ग्रंथालयांत त्याची गणना होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले, हे पाहता या शहराची वाचनपरंपरा किती जुनी आहे ते ध्यानात येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाल्यानंतर जिल्ह्यातील गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. या वाचनालयांमध्ये जुन्या नाटकांचे कपाट असणे स्वाभाविक आहे. परंतु नाटकांचे हे कपाट म्हणजेच संगीताचे कपाट आहे, अशी जाणीव सहसा आढळत नाही. कपाटातील जागा अपुरी पडू लागली की जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन होते आणि त्यात सर्वांत आधी जातात त्या पातळ पुस्तिका. पद्यावली ही अशीच पातळ, कण्याला नाव नसलेली, तात्पुरत्या उपयोगासाठी छापलेली पुस्तिका. तिची रद्दी होते, तेव्हा नाटकाच्या संगीताचा एक साक्षीदार नाहीसा होतो, आणि निर्लेखनाच्या यादीत त्याची नोंद ‘जीर्ण’ एवढ्या एका शब्दात होते.

लोकसंगीताच्या बाबतीत ही स्थिती अधिक गंभीर आहे. नमन-खेळे आणि जाखडी हे या जिल्ह्याचे जिवंत कलाप्रकार. जाखडीतील शक्ती-तुऱ्याची गाणी शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांत असतात, स्थानिक छापखान्यात निघालेल्या छोट्या पुस्तिकांत असतात आणि पुढील काळात ती कॅसेटवरही आली. यांपैकी कोणतेच साधन दाखल क्रमांक मिळवून ग्रंथालयात सहसा येत नाही. एट्टयपुरम् येथील घरात जसा ‘चतुर्दण्डीप्रकाशिके’चा ठेवा होता, तसा येथील शाहिराच्या घरात वह्यांचा ठेवा आहे, उणीव आहे ती दार ठोठावणाऱ्याची. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे शास्त्रशुद्ध जतन करण्यासाठी १९८२ साली पुण्यात सुरू झालेले व पुढे दिल्ली परिसरात गेलेले आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी हे केंद्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मुद्रण कोणी, कोठे, केव्हा व कोणाच्या संमतीने केले ही माहिती मुद्रणाइतकीच जपावी लागते, हा अशा संग्रहांचा महत्त्वाचा धडा होय.

स्वामित्वहक्काचा प्रश्नही साधनागणिक बदलतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. सावरकरांचे निधन १९६६ साली झाले. त्यामुळे संहितेवरील हक्काची मुदत २०२६ अखेरची ठरते. दीनानाथांचे निधन १९४२ साली झाले; त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. म्हणजे एकाच पदाचा आवाज मुक्त आणि शब्द बंधनात, अशी अवस्था अनेक वर्षे राहिली. अंकीय प्रती तयार करणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने संहिता, चाल आणि मुद्रण यांचा विचार स्वतंत्रपणे करणे म्हणूनच आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, संगीताच्या साधनांचे विखुरणे हा अपघात नाही. शब्द, स्वर आणि आवाज यांची जपणूक वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या हेतूंनी केली, त्याचा तो परिणाम आहे. ग्रंथालयाने शब्द जपले, गुरुकुलांनी व संगीत विद्यालयांनी स्वर जपले, व्यापारी कंपन्यांनी व संग्राहकांनी आवाज जपला. या तिघांची भेट घडवून आणणारी सूची मात्र तयार झाली नाही.

अशी सूची पुस्तकाची नव्हे, पदाची असावयास हवी. पदाचे आरंभीचे शब्द, नाटक, नाटककार, संगीतकार, गायक, राग, ताल, मूळ चाल, संहितेची आवृत्ती, स्वरलिपी व तिची पद्धती, तबकडीचे दोन्ही क्रमांक आणि प्रत ज्या ठिकाणी आहे त्या ग्रंथालयाचे नाव एवढ्या बाबी एका नोंदीत आल्या, तर शोधाचे निम्मे काम होते. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एका जिल्ह्यातील मराठी विभाग, संगीत शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी एका नाटकापासून आरंभ केला तरी पुरे. रत्नागिरीसाठी ते नाटक ‘संन्यस्त खड्ग’ असणे औचित्याचे ठरेल. तोपर्यंत एक गोष्ट तर आजच करता येण्यासारखी आहे : निर्लेखनासाठी बाजूला काढलेल्या जुन्या नाटकांच्या गठ्ठ्यातून पद्यावल्या वेगळ्या काढून ठेवणे.